एकवीस कलशांचं पाणी

फुलांची वेणी पलंगावर आडवी ठेवली, तर निम्मा पलंग तिनेच अडवला. मोगरा, अबोली, मरवा, मधूनमधून सोनेरी चकत्या आणि खाली मुठीएवढे तीन गोंडे. केळीच्या सोपटावर घट्ट ओवलेली ती वेणी जिन्यावरून वर आणताना मंगतायारूला धाप लागली होती. अमलापुरम आणि आसपासच्या गावांतल्या नवऱ्यामुलींच्या पाठी गेली तीस वर्षं हीच बाई सजवत आली होती. आपल्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

"अडीच हात," ती म्हणाली. "मापात बोटभर कमी नाही. बसा अम्मा, बांधून टाकते."

हैमवती बसली नाही. वेणीकडे बघत ती नुसती उभी राहिली. ही बांधायची कशाला, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. तिच्या मानेवरचा अंबाडा आता लिंबाएवढा उरला होता, आणि ते लिंबूही फार रसाचं नव्हतं.

माप दिलं होतं राज्यमने. राज्यम म्हणजे हैमाच्या नवऱ्याची, पूर्णचंद्ररावांची थोरली बहीण, हैमाची वदिना. भावाची षष्टिपूर्ती ठरली त्या दिवसापासून तिने सगळी सूत्रं हातात घेतली होती. साठीचा नवरा आणि पंचावन्नची नवरी पुन्हा लग्नाला उभी राहणार, तर सगळं पहिल्या लग्नासारखं झालं पाहिजे, असा तिचा हट्ट. आचारी तोच नव्हता, कारण तो वारला होता. त्याचा मुलगा आणला. सनईवाले त्याच घराण्यातले. आणि वेणीचं माप चौतीस वर्षांपूर्वीचं. ते राज्यमला तोंडपाठ होतं, कारण त्या दिवशी ती वेणी तिनेच बांधली होती. आता हैमाला विचारून घ्यावं असं तिला वाटलं नाही. वदिनेला असं कधीच वाटत नसे.

"मंगतायारू, तुम्ही खाली जाऊन कॉफी घ्या," हैमा म्हणाली. "आणि जाताना वदिनेला सांगा, मी वेणी बांधणार नाही. मी पाटावर बसणारही नाही."

मंगतायारूने निरोप पोचवायला जितका वेळ घेतला, तेवढ्यात कॉफी उकळलीसुद्धा नसती.

खरं म्हणजे दुव्वूरींच्या घरात हैमा आली तीच वेणीच्या जोरावर, असं घरातलेच सांगत. मुलगी बघायला आले तेव्हा शेषमांबांनी, म्हणजे आताच्या अत्तय्यांनी, सासूबाईंनी, तिला पाठमोरी बसवून भर बैठकीत तिची वेणी शेवटच्या पेडापर्यंत सोडवली होती. गंगावन लावून मुली खपवण्याचे प्रकार त्यांनी ऐकले होते. सगळे केस डोक्यालाच आहेत अशी खात्री पटल्यावर त्यांनी होकार दिला आणि मगच मुलीचं नाव विचारलं. तेव्हापासून ती 'वेणीवाली सून' झाली. लांबच्या नातेवाइकांना तिचं नाव आठवत नसे, ती शाळेत समाजशास्त्र शिकवते हेही ठाऊक नसे, पण वेणी सगळ्यांना ठाऊक होती. दर शुक्रवारी अत्तय्या स्वतः तिच्या डोक्याला तेल लावत, फणीने विंचरत आणि फणीत अडकलेले केस गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. हैमाने कधी विचारलं नाही. घरोघरी बायका तसे केस साठवत, फेरीवाली आली की त्यांच्या बदल्यात स्टीलची वाटी घेत. दुव्वूरींच्या घरात वाटी काही आली नाही, पण ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी पाळी थांबली. भर पावसाळ्यात अंगातून वाफा येऊ लागल्या, पहाटे तीनला टक्क जाग येऊ लागली. हे सगळं होतं असं तिने ऐकलं होतं. केसांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. उशीवर केस, पदरावर केस, मुलींच्या वह्या तपासताना पानापानावर केस. भांग आधी रेघ होता, मग पायवाट झाला, मग रस्ता. तिने जास्वंद वाटून लावली, कढीपत्ता तेलात उकळून लावला, कांद्याचा रस लावला. कांद्याच्या महिन्यात नववीच्या मुली तिच्या तासाला न सांगता खिडक्या उघडत.

शेवटी ती कोणालाही न सांगता काकीनाड्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं आणि सांगितलं की वयाचं आहे, शरीरातले बदल आहेत, फार बायकांना होतं. रोज लावायचं औषध दिलं. सहा महिने धीर धरा म्हणाल्या. गेलेलं सगळं परत येणार नाही, आहे ते टिकेल, थोडंफार भरेलही. हैमाने त्यांना विचारलं होतं, फार बायकांना होतं तर मग दिसत का नाही? बाई हसल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं तरी कुठं दिसतंय?

ते खरं होतं. घरी तिने दाताचं कारण सांगितलं होतं. तीन वर्षांत तिचे नऊ दात दुखून झाले होते. समारंभात ती पंख्याखाली बसत नसे, पुढच्या रांगेत बसत नसे, आणि अंबाड्याला एवढा गजरा गुंडाळत असे की खाली काय आहे ते देवालाच ठाऊक. घराला ज्या गोष्टीसाठी आपण हवे होतो तीच गोष्ट संपत चालली आहे, हे घराला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर आपण कोण उरणार?

दार वाजलं आणि उघडलंही. आधी राज्यम आली, मागून हैमाची मुलगी हारिका, आणि सगळ्यात शेवटी भिंतीचा आधार घेत ब्याऐंशी वर्षांच्या अत्तय्या. हारिकाने दाराला कडी घातली.

राज्यम बासष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, आणि मानेवर नारळाएवढा काळाभोर अंबाडा. तिने बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. तीनशे माणसं खाली पुलिहोरा खात बसली आहेत, पुरोहितांनी होम पेटवलाय, आठ वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त, आणि आत्ता ही थेरं. बायको शेजारी बसली नाही तर पूर्णाने लग्न काय खांबाशी लावायचं? आणि केसांचं म्हणशील, तर निगा ठेवली नाहीस म्हणून हे झालं. दोन वर्षांपासून बघतेय मी. शाळा-शाळा करत शिकेकाई सोडलीस, बाटलीतलं काहीतरी लावायला लागलीस. माझे बघ अजून.

हैमाने बघितले. दरवेळी बघावेच लागत.

"आत्या, आता पुरे," हारिका म्हणाली. तिने आत्याची बाजू सोडल्याचं तिथंच जाहीर झालं, कारण गेला महिनाभर फोनवर दोघी मिळूनच वेणीचे गोंडे ठरवत होत्या. हैदराबादच्या कचेरीत ती बारा जणांवर साहेब होती आणि अडचण आली की पिशवीतून काहीतरी काढायची तिला सवय होती. आत्ताही तिने एक डबी काढली. काळी पूड. डोक्यावर शिंपडायची, केसांना चिकटते, भांग भरून निघतो, टक्कल दिसतच नाही. "अम्मा, मला तू सांगितलं नाहीस. पण व्हिडिओ कॉलवर तू नेहमी कपाळापासून खालीच दिसतेस, तेव्हाच मी समजले."

हैमाला आधी राग आला, मग लाज वाटली, मग दोन्ही एकदम. तेवढ्यात मुलीने तिला स्टुलावर बसवलंही. पूड पडली. आरशात खरंच भांग बारीक दिसू लागला. राज्यमने नाक मुरडलं, पण ती जवळ येऊन बघू लागली, बारकाईने, अगदी वाकून. काय किमतीला पडते, किती दिवस पुरते, धुतली की जाते का, असं ती विचारत राहिली. हारिका उत्तरं देत राहिली. दोघींची पुन्हा युती झाली. आता फक्त वेणी कशाला बांधायची एवढंच उरलं होतं. खाली आधाराला गंगावन लावू, त्याला वेणी बांधू, वरून जरीच्या फितीने आवळू, असं ठरलं. मंगतायारूकडे जुनं एखादं असेलच.

"आणि अभिषेकाचं काय?" हैमा म्हणाली.

राज्यमने हारिकाकडे बघितलं आणि हारिकाने राज्यमकडे.

सगळं पहिल्या लग्नासारखं करण्याच्या नादात दोघीही विसरल्या होत्या की षष्टिपूर्ती म्हणजे नुसतं लग्न नव्हे. लग्न नंतर. त्याआधी अंगणातल्या पाटावर नवराबायकोला बसवून, मंतरलेल्या पाण्याचे एकवीस कलश दोघांच्या डोक्यावर ओततात. घरातली मोठी माणसं ओततात, आणि बाकी सगळी गोल करून बघतात. हारिका हातातल्या डबीकडे बघत होती. पहिल्याच कलशाला हैमाच्या पिवळ्या साडीवर काय काय ओघळ आले असते ते तिला दिसत असावं. ती हळूच म्हणाली, "हे पाण्यात टिकत नाही."

"पहिल्या लग्नात अभिषेक नव्हता ना," राज्यम म्हणाली. एवढं सांगून ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

मग नव्याने खल सुरू झाला. राज्यम म्हणाली, पुरोहितांना सांगते, बाईच्या डोक्यावर नुसतं आंब्याच्या पानाने शिंपडा. त्यांच्या मुलाला कोणी नोकरी लावली ते मला माहीत आहे, ऐकतील. हारिका म्हणाली, शिंपडलं तरी ओघळ येणारच, डोक्यावरून पदर घेऊ दे. पदर घेऊन अभिषेक कुठल्या घरात होतो, असं राज्यमने विचारलं. शेवटी सर्दी झाली म्हणून सांगायचं ठरत आलं.

"तू कसं निभावलंस ते सांग की तिला," अत्तय्या म्हणाल्या.

त्या दाराशी बसल्या होत्या. राज्यमने आईकडे अशा नजरेने बघितलं की त्या नजरेत बासष्ट वर्षांचा हिशेब होता. पण अत्तय्यांना मोतीबिंदू होता. त्यांना नजरा आताशा दिसत नसत.

"मी काय निभावलं?" राज्यम म्हणाली.

"पुष्कराला."

 राज्यमने दोन्ही हात मागे नेले, पाच आकडे एकामागून एक काढून मांडीवर ठेवले, आणि तो नारळाएवढा अंबाडा उचलून पलंगावर, फुलांच्या वेणीशेजारी ठेवला. मागे उरली ती करंगळीएवढी पांढुरकी शेपटी, काळ्या दोऱ्याने बांधलेली. तिचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. हैमाने तिला चौतीस वर्षं ओळखलं होतं आणि ही बाई तिने आजच पाहिली.

"बारा वर्षं झाली," राज्यम म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त त्यातला जोर गेला होता. बारा वर्षांपूर्वी गोदावरीला पुष्कर आला, सगळं गाव राजमहेंद्रीला नदीत बुड्या मारत होतं, आणि ती काठावर बसून डोक्यावर चार थेंब शिंपडून घेत होती. सर्दी झाली म्हणून सांगितलं. बारा वर्षांत एकदाच येणारं ते पुण्य सर्दीत गेलं. नावेत बसली नाही, वारा असतो. लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने राहिली, पण हे डोक्यावर ठेवूनच झोपली. नवऱ्याला माहीत नाही. "त्यांना वाटतं मी देवाला मागून घेतलेत. सगळ्यांना तसंच वाटतं. तुला बोलत होते कारण…" तिने वाक्य तिथंच सोडलं. "बोललं की कुणी माझ्याकडे बघत नसे."

हैमा पलंगापाशी गेली. अंबाडा उचलून तिने उजेडाला धरला. काळा होता, पण उन्हात तांबूस झाक मारत होता. कॉलेजात मैत्रिणी तिला याच झाकेवरून चिडवायच्या.

"हे केस कुणाचे आहेत, अत्तय्या?"

अत्तय्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर कालवा होता आणि तो त्यांना दिसत नव्हता.

"तुझेच," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांचे आहेत. डबा भरला होता. हिचे जायला लागले तेव्हा रडत आली माझ्याकडे. पिठापुरमच्या बाईकडून बांधून घेतलं. तू काही मागत नव्हतीस ते."

हारिका तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. हैमाला संतापायचं होतं आणि त्याला कारणही भरपूर होतं. दोन वर्षं या बाईने तिच्याच केसांनी तिला हिणवलं होतं. 'माझे बघ' म्हणत तिने तिचेच तिला दाखवले होते. पण राग यायच्या आधीच पोटातून हसू वर आलं. तिने ते दाबून बघितलं, आणि मग ती पलंगावर बसून खदखदून हसायला लागली. राज्यम आधी ओशाळली. मग तीही हसली, शेपटी हलेपर्यंत हसली.

"घे परत," डोळे पुसत राज्यम म्हणाली. "आज तुझा दिवस आहे. तुझेच आहेत. मी डोकं दुखतंय म्हणून वर पडून राहते."

हैमाने अंबाडा तिच्या मांडीवर ठेवला. वदिना खरंच पडून राहिली असती. सख्ख्या भावाची षष्टिपूर्ती वरच्या खोलीत सनई ऐकत काढली असती, पुष्कर काढला तशी. आणि आपण? आपण आज सर्दी म्हणू, पुढच्या महिन्यात दात म्हणू. बारा वर्षांनी हारिका आपल्यासाठी कुणाचे तरी केस बांधून आणेल. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती घाबरली. टक्कल दिसण्याची भीती तिला तीन वर्षं होती. ही त्याहून मोठी होती.

"हारिका, पाणी आण," ती म्हणाली. "ही पूड धुवून टाकते."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पूर्णचंद्रराव होते. पिवळं धोतर, कपाळाला गंध, आणि पस्तिसाव्या वर्षापासून गुळगुळीत असलेलं डोकं. त्या डोक्यावरून या घरात आजवर एकही बैठक बसली नव्हती. राज्यमने झटकन फुलांची वेणी ओढून डोक्यावर घेतली. पूर्णचंद्ररावांनी बहिणीकडे पाहिलं, पण साठ वर्षांत त्यांनी तिला प्रश्न विचारायचं सोडून दिलेलं होतं.

"पुरोहित बोलावतायत," ते म्हणाले. "काय अडलंय?"

हैमा त्यांना बाहेरच्या गच्चीत घेऊन गेली. तिला वाटलं होतं की सांगायला खूप वेळ लागेल. ती म्हणाली, "माझे केस गेलेत. पाणी पडलं की सगळ्यांना दिसेल. तुम्हाला आधी सांगते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं. मोरीच्या जाळीवरचे गेल्या वर्षापासून रोज मीच काढतो. तू न्हाऊन आलीस की मी लगेच जातो ना आंघोळीला. तुला दिसले की वाईट वाटेल म्हणून."

हैमा त्यांच्याकडे बघतच राहिली. गेल्या वर्षी तिला जाळी स्वच्छ दिसू लागली होती. गळती थांबली म्हणून तिने डॉक्टरबाईंना पेढे दिले होते. बाईंनीही खूश होऊन वहीत लिहून घेतलं होतं.

"तुमच्यामुळे मी डॉक्टरला खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"तू दाताच्या डॉक्टरकडे जात होतीस ना?" ते भाबडेपणाने म्हणाले. भाबडेपणा खरा की खोटा, ते तिला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं. तिने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तिचे डोळे भरून आले होते. हा माणूस रोज सकाळी काय काढून टाकत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता, हे तिला आता कळत होतं, आणि त्याच्यावर प्रेम करावं की त्याला धरून हलवावं हे मात्र कळत नव्हतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी दोघं पाटावर बसली. पुरोहितांनी सांगितल्यावर हैमाने अंबाडा सोडला. केस खांद्यांपर्यंत पोचले आणि तिथंच थांबले. बायकांच्या गोलात कुजबुज झाली. तिने ती ऐकली. पहिला कलश अत्तय्यांचा होता. हारिकाने त्यांचा हात धरून नेमका डोक्यावर आणला. पाणी गार होतं. ते कपाळावरून, कानांमागून, पाठीवरून उतरलं, आणि टाळूला त्याचा गारवा जितका लागला तितका दाट केसांच्या दिवसांत कधी लागला नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. पाचव्या कलशानंतर ती मोजायचं विसरली. राज्यमनेही ओतलं, तिचा अंबाडा जागच्या जागी होता.

लग्न लागलं. मंगळसूत्र झालं, हार झाले. मंगतायारूने हिरमुसून अडीच हातांची वेणी सोडवली आणि तिचे गजरे करून बायकांना वाटले. एक छोटा गजरा हैमाच्या ओल्या केसांत खोचला. मग दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि अक्षता टाकायला रांग लागली.

पहिल्या आल्या त्या रामचंद्रपुरमच्या सुभद्रम्मा, पूर्णचंद्ररावांच्या चुलतभावाची बायको, पन्नाशीच्या. त्यांनी अक्षता टाकल्या, वाकल्या, आणि आशीर्वाद देतात तशा हैमाच्या कानाशी आल्या. "कुठल्या डॉक्टरकडे जातेस?" त्या म्हणाल्या. "माझाही भांग गेलाय गं. मी काजळ भरते."

हैमाने सांगितलं. त्यांच्या मागच्या बाईने तेच विचारलं. मग पूर्णचंद्ररावांची मावसबहीण, जिने घामाचं आणि झोपेचंही विचारून घेतलं. मग तिच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका. मग सनईवाल्याची बायको, मग खुद्द मंगतायारू, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेण्या बांधल्या आणि स्वतःच्या डोक्यावरचा पदर कधी काढला नव्हता. पुरुष पटापट अक्षता टाकून जेवायला पळत होते. बायका मात्र एकेक करून मिनिट-मिनिट कानाशी लागत होत्या. रांग दारापर्यंत गेली, आणि आचाऱ्याने दोनदा निरोप पाठवला की बूरेलु थंड होतायत.

"तुलाच एवढे आशीर्वाद का देतायत?" पूर्णचंद्ररावांनी विचारलं.

"मला जास्त लागतात," हैमा म्हणाली.

इतका वेळ राज्यम खांबाआडून हे सगळं बघत होती. रांग बघितली की तिला राहवत नसे. ती पुढे आली, खुर्चीशेजारी उभी राहिली आणि कारभार हातात घेतला. एकेकीने विचारत बसू नका, मंगळवारी काकीनाड्याला व्हॅन करू. सकाळी सहाला निघायचं. घरी काय सांगायचं? द्राक्षारामला दर्शनाला चाललोय म्हणून सांगा, वाटेतच आहे, जाताना हात जोडू, म्हणजे खोटंही होणार नाही. तिने नावं मोजली. अकरा झाली. मग जरा थांबून, कोणाकडे न बघता ती म्हणाली, "बारा."

"बारावी कोण?" सुभद्रम्मांनी विचारलं.

राज्यमने हैमाकडे बघितलं.  हैमाने वर्गातल्या मुलीकडे बघावं तसं वदिनेकडे बघितलं आणि वाट पाहिली.

"मी," राज्यम म्हणाली.

सगळ्या बायका एकदम तिच्या अंबाड्याकडे बघू लागल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच राज्यमने त्यांना बघू दिलं. मग हशा झाला, आणि त्यात सगळ्यात मोठं हसणं हैमाचं होतं. तीन वर्षांत ती प्रथमच भांगावर हात न नेता हसत होती.

पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरून अत्तय्यांनी काठी आपटली.

"तेरा," त्या म्हणाल्या. "आणि पुढची खिडकी माझी. बाकी कोण कुठं बसेल ते हैमवती ठरवेल."

दुव्वूरींच्या घरात सगळे तिला हैमा म्हणत, वेणीवाली म्हणत. अत्तय्यांनी चौतीस वर्षांत तिचं पूर्ण नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. पदराने डोळे पुसत हैमवतीने मान डोलावली आणि पुढची बाई कानाशी वाकली.